दिल्लीतल्या मताचा गावात हिशेब देणारे बॅरिस्टर नाथ पै

सुभाष रोड, धारवाड : १७ जानेवारी आली की बेळगाव, निपाणी, खानापूरकडची मराठी माणसं सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतात. लगेच दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारीला, बॅरिस्टर नाथ पै यांची पुण्यतिथी. हे दोन दिवस एकमेकांना लागून आले, हा निव्वळ योगायोग नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

धारवाडच्या सुभाष रोडची ओळख मात्र वेगळी आहे. इथेच एका माळ्यावर जी. बी. जोशी यांची मनोहर ग्रंथमाला वाढली. १९३३ साली सुरू झालेल्या या संस्थेने कन्नड साहित्याची पिढीच्या पिढी घडवली. घरात मराठी बोलणारे आणि कन्नडचे थोर कवी झालेले द. रा. बेंद्रे याच धारवाडचे. आजही या भागात दुकानात कन्नड, घरात मराठी आणि बँकेत मिळेल ती भाषा, असा व्यवहार चालवणारी कुटुंबं आहेत. त्यामुळे बेळगावच्या माणसाला जी गोष्ट एकाच बाजूने दिसते, ती धारवाडच्या मराठी माणसाला दोन्ही बाजूंनी बघावी लागते.

१९५६ चंच बघा. त्या वर्षी संसदेने राज्य पुनर्रचना कायदा मंजूर केला. १ नोव्हेंबरपासून मुंबई राज्यातले धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे आणि चंदगड तालुका सोडून बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. धारवाडात कर्नाटक एकीकरणाची चळवळ कैक वर्षं चालली होती, तिथे हा आनंदाचा दिवस ठरला. पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवरच्या बेळगावातल्या मराठी घरांत चूल पेटली नाही तर नवल नव्हतं. मतदान एकच, सभागृह एकच, आणि एका रस्त्याच्या दोन टोकांना त्याचे दोन अर्थ. मत देऊन खासदार मोकळे झाले, पण ज्यांचं राज्य बदललं त्यांना ते का बदललं हे समजावून सांगायला किती जण आले?

हा प्रश्न मराठी मुलखात पुढच्याच वर्षी मतपेटीतून विचारला गेला. त्यातून जे खासदार दिल्लीत पोहोचले, त्यांतले एक नाथ पै.

पंढरीनाथ बापू पै हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म २५ सप्टेंबर १९२२, वेंगुर्ल्याचा. वडिलांचं छत्र लवकर हरपलं आणि शिक्षणासाठी बेळगाव जवळ करावं लागलं. वेंगुर्ल्याहून आंबोलीचा घाट चढला की बेळगाव, अशी त्या काळी दक्षिण कोकणातल्या मुलांची वाटच होती. त्यामुळे नाथ पै कोकणचे की बेळगावचे, हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्हीकडची माणसं त्यांना आपलं म्हणतात आणि दोघांचंही बरोबर आहे. बेळगावात विद्यार्थी असतानाच त्यांनी १९४२ च्या लढ्यात उडी घेतली आणि तुरुंगवास भोगला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले.

विलायतेत त्यांनी नुसता कायदा शिकला नाही. जगभरच्या तरुण समाजवाद्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना होती, १९५४ ते १९६० या काळात ते तिचे अध्यक्ष होते. त्या कामानिमित्त युरोप पालथा घातला. पत्नी क्रिस्टल या मूळच्या ऑस्ट्रियाच्या. अशा माणसाला परदेशात किंवा मुंबईत वकिली करून सुखाने राहता आलं असतं. ते राहिले नाहीत. १९५७ ची लोकसभा निवडणूक त्यांनी राजापूर मतदारसंघातून, प्रजा समाजवादी पक्षातर्फे लढवली. संयुक्त महाराष्ट्र समितीचा तो जोर होता. द्वैभाषिक राज्यावर चिडलेल्या मतदारांनी काँग्रेसच्या भल्याभल्यांना घरी बसवलं. पस्तिशीही न गाठलेले नाथ पै निवडून आले. १९६२ ला आणि १९६७ लाही त्यांनीच ही जागा राखली. १९५७ साली लाट होती हे मान्य, पण पुढच्या दोन निवडणुकांत ती लाट नव्हती. राज्य मिळालं होतं, समिती फुटली होती, काँग्रेस महाराष्ट्रात पुन्हा भक्कम झाली होती. तरीही राजापूर नाथ पैंकडेच राहिलं.

याचं कारण नुसतं वक्तृत्व नव्हे. वक्तृत्व होतंच. इंग्रजीत बोलायला उभे राहिले की पंडित नेहरूंसकट सभागृह ऐकायचं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण दिल्लीतलं इंग्रजी भाषण देवगड-मालवणच्या मच्छीमाराला काय कामाचं? त्या काळातला राजापूर मतदारसंघ म्हणजे खाड्यांवर पूल नाहीत, रेल्वे नाही, एसटी जाईल तिथपर्यंत रस्ता आणि पुढे होडी नाहीतर पायवाट. मुंबईचा पेपर गावात पोहोचेपर्यंत शिळा झालेला असे. अशा ठिकाणी आपल्या खासदाराने दिल्लीत काय केलं, हे कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग, तो म्हणजे खासदाराने स्वतः येऊन सांगणं. नाथ पै मतदारसंघात फिरायचे, सभा घ्यायचे आणि समोर मालवणी माणूस असला की मालवणीत बोलायचे. देशाचं राजकारण आणि परदेशाचं राजकारण ते त्याच बोलीत उलगडून सांगायचे.

इथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. लोकसभेत बहुतेक प्रस्ताव आवाजी मतदानाने निकाली निघतात. हो म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा की नाही म्हणणाऱ्यांचा, हे अध्यक्ष ठरवतात. तिथे कुणाच्याही नावाची नोंद होत नाही. कुणी मतविभागणी मागितली तरच कोण कुठल्या बाजूला होतं ते कागदावर येतं. घटनादुरुस्तीला मात्र मोजलेलं मत लागतंच. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, असा तो दुहेरी हिशेब. म्हणजे एरवीच्या मतांबाबत खासदाराला झाकून जाता येतं, घटनादुरुस्तीच्या वेळी नाही. आणि नाथ पैंनी आयुष्यातला सगळ्यात अवघड विषय निवडला तो नेमका घटनादुरुस्तीचा.

त्याआधीही सोपे प्रसंग फार नव्हते. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला, तो पाच दिवस चालला. सरकारने वटहुकूम काढून तो बेकायदा ठरवला. एस. एम. जोशी, पीटर अल्वारिस यांच्यासोबत नाथ पै संपकऱ्यांच्या आघाडीवर होते. आता गंमत बघा. या संपात पोस्टाचे कर्मचारी होते आणि राजापूर मतदारसंघ जगत होता तो मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. पोस्टमन संपावर गेला की सगळ्यात आधी चिमटा बसणार तो नाथ पैंच्याच मतदाराला. मतांचा विचार करणाऱ्या माणसाने अशा वेळी गप्प बसणं पसंत केलं असतं. नाथ पै गप्प बसले नाहीत, आणि दोन वर्षांनी त्याच मतदारांनी त्यांना परत निवडून दिलं.

१९६६-६७ चा काळ मात्र सीमाभागाच्या, गोव्याच्या आणि नाथ पैंच्याही आयुष्यात फार दाटीचा आहे. तारखा ओळीने मांडल्या की ती दाटी कळते. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्राने सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. गोवा वेगळा राहिला. फेब्रुवारीत सार्वत्रिक निवडणूक झाली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा गोलकनाथ निकाल आला. ऑगस्टमध्ये महाजन अहवाल आला. त्यात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं होतं, २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला द्यायची शिफारस होती. महाराष्ट्राने तो फेटाळला. गोव्याच्या माणसाला निदान चिठ्ठी टाकायला मिळाली, निकाल मनासारखा लागो न लागो. बेळगावच्या माणसाला आयोगासमोर निवेदन देण्यापलीकडे काही मिळालं नाही. ही सल सीमाभागात अजून आहे, आणि ती समजायला कुठल्या पक्षाचा असावं लागत नाही.

गोलकनाथ निकाल काय होता ते थोडक्यात. पंजाबातल्या जालंधरकडच्या एका कुटुंबाची सुमारे पाचशे एकर जमीन कमाल जमीनधारणा कायद्यात जात होती. ते कोर्टात गेले. अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला की, संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. आधी झालेल्या दुरुस्त्या चालू राहतील, पण इथून पुढे रस्ता बंद. त्या वेळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांत होता. म्हणजे जमीन सुधारणेची पुढची पावलं अडणार होती.

कोकणातल्या आणि इकडच्या शेतकऱ्यालाही हे प्रकरण दूरचं नव्हतं. १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने घटनेला नववं परिशिष्ट जोडलं. कोर्टात आव्हान देऊन पाडता येऊ नयेत असे तेरा कायदे त्यात सुरुवातीला ठेवले होते. त्यांत मुंबई राज्याचा कुळकायदा होता, कोकणातली खोती संपवणारा कायदा होता आणि परगणा व कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदाही होता. खोती गेली ती रत्नागिरी-कुलाब्यात, पण कुळकायदा आणि वतनांचा कायदा बेळगाव-धारवाडलाही लागू होते. तेव्हा हे सगळे जिल्हे मुंबई राज्यातच होते ना! आज कर्नाटकात आणि महाराष्ट्रात ज्यांच्या सातबाऱ्यावर किंवा पहाणीपत्रकावर आजोबांचं नाव कूळ म्हणून लागलं आणि पुढे मालक म्हणून लागलं, त्यांची जमीन त्या परिशिष्टाच्या आधाराने उभी आहे.

७ एप्रिल १९६७ ला नाथ पैंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. मूलभूत हक्कांसह घटनेचा कुठलाही भाग, ठरलेल्या पद्धतीने, दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे घटनेच्या ३६८ व्या कलमात स्पष्ट लिहा, एवढीच मागणी. देशभर ते नाथ पै विधेयक म्हणून गाजलं. खासगी विधेयकाचं नशीब काय असतं, हे संसदेची माहिती असणाऱ्यांना ठाऊक आहे. शुक्रवारी दुपारचे अडीच तास त्यासाठी असतात, चिठ्ठीत नंबर लागला तर चर्चा होते, आणि स्वातंत्र्यापासून आजवर अशी जेमतेम चौदा विधेयकं कायद्यात उतरलीत. शेवटचं १९७० मध्ये. तरीही या विधेयकाची सरकारला दखल घ्यावी लागली आणि ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं.

अडचण अशी की, विरोधी बाकावरचा माणूस संसदेचा, म्हणजे पर्यायाने सरकारी बहुमताचा, हात मोकळा करायला निघाला होता. स्वतंत्र पक्षवाले तुटून पडले, ते अपेक्षितच होतं. पण समाजवादी चळवळीतल्याच कित्येकांना हे पटलं नाही. बेचाळीसचा सत्याग्रही, कामगारांच्या संपाच्या हक्कासाठी भांडणारा नेता, तोच नागरिकांच्या हक्कांवरचं कुलूप काढायची किल्ली संसदेच्या हाती कशी देतो, असा त्यांचा सवाल. हा सवाल पोकळ नव्हता.

नाथ पैंचं म्हणणं वेगळ्या टोकाचं होतं. घटना लोकांनी केली आहे. एका पिढीने पुढच्या पिढीचे हात कायमचे बांधून ठेवणं लोकशाहीत बसत नाही. बदलाचा सनदशीर दरवाजा बंद केला तर लोक दुसरा दरवाजा शोधतील, आणि तो सनदशीर असेलच असं नाही. संसद चुकली तर पाच वर्षांनी लोक तिला घरी पाठवू शकतात, न्यायाधीशांना पाठवू शकत नाहीत. हक्कांचं खरं संरक्षण जागा मतदार करतो, कागद नव्हे. या मांडणीचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे. ते गृहीत म्हणजे खासदार आपल्या मताचा हिशेब मतदाराला देईल आणि मतदार तो तपासेल. गावोगाव फिरून बोलणाऱ्या माणसाला ते गृहीत साहजिक वाटलं असणार. सगळेच खासदार नाथ पैंसारखे असते तर युक्तिवाद अगदी चोख होता.

ते तसे नव्हते, आणि विरोधकांचा मुद्दा पुढे काही अंशी खरा ठरला. हे लपवून नाथ पैंचं चरित्र सांगण्यात काही हशील नाही. १९६७ साली काँग्रेसकडे लोकसभेत २८३ जागा होत्या. एकट्याच्या बळावर घटना बदलणं तिला शक्य नव्हतं, म्हणून धोका तेव्हा लांबचा वाटला. १९७१ मध्ये त्याच पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. आणीबाणीत, १९७६ साली, बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली तेव्हा विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात होते. हिशेब मागायला कोण जाणार होतं आणि देणार तरी कोण होतं?

पण हे पाहायला नाथ पै उरले नाहीत. विधेयक समितीतून परत आलं, चर्चा झाल्या, सरकारने कधी पाठिंब्याची भाषा केली, कधी हात आखडता घेतला आणि मत घेण्याची वेळ पुढे पुढे ढकलली गेली. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा मुदतीआधी बरखास्त झाली. सभागृह बरखास्त झालं की त्यातली प्रलंबित विधेयकंही संपतात. साडेतीन वर्षांहून जास्त काळ ज्याच्यासाठी भांडले, त्या विधेयकावर शेवटचं मत पडलंच नाही.

निवडणूक तोंडावर होती. हृदयविकार आधीपासून होता, डॉक्टरी सल्ला विश्रांतीचा होता. तरीही १७ जानेवारी १९७१ ला ते बेळगावला हुतात्मा दिनाच्या सभेला आले. पंधरा वर्षांपूर्वी, मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा रेडिओवरून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बेळगावात गोळीबार झाला होता, त्यात बळी गेलेल्यांची ती आठवण. बेळगावचा माणूस त्यांचा मतदार नव्हता. इथल्या एकाही मताने राजापूरची जागा येणार नव्हती की जाणार नव्हती. निवडणुकीच्या हंगामात उमेदवाराचा एकेक दिवस मोलाचा असतो, तो त्यांनी अशा गावाला दिला जिथून मतांच्या खात्यात काहीच जमा होणार नव्हतं. सीमाभागातल्या मराठी माणसाचे आमदार बंगळूरला जात, तिथे अल्पमतात पडत. संसदेत त्यांची बाजू मांडणारा आवाज होता तो शेजारच्या राज्यातल्या खासदाराचा. त्या सभेत ते बोलले आणि रात्री उशिरा, १८ तारखेला, बेळगावातच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

मार्चच्या निवडणुकीत राजापूरच्या मतदारांनी त्यांचे सहकारी मधु दंडवते यांना निवडून दिलं, तेही इंदिरा लाटेत आणि प्रजा समाजवादी पक्षाच्याच चिन्हावर. पुढे १९९१ पर्यंत ही जागा दंडवत्यांकडे राहिली. कोकण रेल्वेचा नाथ पैंनी धरलेला आग्रह दंडवत्यांनी नेटाने पुढे नेला.

नाथ पैंचं विधेयक संपलं, पण विषय संपला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर करून घेतली. गाभा तोच, फक्त मांडणारा आता सरकारी बाकावरचा होता. त्यावर अंतिम निवाडा झाला २४ एप्रिल १९७३ ला, केशवानंद भारती खटल्यात. केशवानंद भारती हे कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी. कासरगोड म्हणजे केरळात राहिलेला आणि महाजन आयोगाने ज्याचा मोठा भाग म्हैसूरला द्यावा म्हटलेला मुलूख. म्हणजे तोही सीमाभागच. तेरा न्यायाधीशांच्या पीठाने गोलकनाथ निकाल बाजूला ठेवला. मूलभूत हक्कांसह घटना दुरुस्त करता येईल, इथपर्यंत नाथ पैंचं म्हणणं न्यायालयाने मान्य केलं. पण घटनेचा मूळ गाभा मोडता येणार नाही, हे सात विरुद्ध सहा मतांनी ठरलं, तिथे त्यांच्या विरोधकांचं म्हणणं राहिलं. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला तो १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. तेव्हा राजापूरचे खासदार मधु दंडवते सरकारी बाकावर, रेल्वेमंत्री म्हणून बसले होते.

बेळगावात शहापूरला नाथ पै चौक आहे. धारवाडहून बेळगावला खरेदीला गेलेली सुभाष रोडची माणसं त्या चौकातून बऱ्याचदा जातात, शहापूरच्या कापड दुकानांकडे.